दिसला ना?

“कुठे तडमडलाय हा मेला,” शाल्मली स्वतःशीच पुटपुटली, आणि शेजारून कुणीतरी हलकेच म्हणालं, “लेफ्टला. पडलेल्या झाडाच्या मागे.”

तिच्या हातातून पेन्सिल पडायचीच बाकी होती. फेब्रुवारीतली रविवारची सकाळ, वेम्बलीजवळच्या वेल्श हार्प तलावाकाठी पक्षी बघणाऱ्यांसाठी बांधलेली लाकडी खोपी, बाहेर लंडनचा तो न भिजवता गारठवणारा पाऊस... पावसापासून बचाव म्हणून ती आत शिरली होती. समोरच्या वाळक्या गवतात स्नाइप, म्हणजे गवताच्याच रंगाचा एक लहानसा पाणपक्षी, बसलाय, असं खोपीतल्या त्या उंच तरुणाने नुकतंच इंग्रजीत कुजबुजून सांगितलं होतं. त्याला मराठी येत असेल असं तिला वाटायचं काही कारणच नव्हतं.

त्याने गळ्यातली दुर्बीण काढून तिच्या हातात दिली. त्याच्या तळहातांनी ती अजून कोमट होती. शाल्मलीने बघितलं. गवत. आणखी गवत.

“दिसला ना?”

स्वतः केलेली भाजी वाढून समोरच्याच्या तोंडाकडे बघत बसावं, तसा तो बघत होता. आता अशा माणसाला नाही कसं म्हणायचं?

“दिसला,” ती म्हणाली.

खोटं केवढं, तर स्नाइपएवढं. पण सुरुवात तिथे झाली.

त्याचं नाव नील. जन्म इथलाच, हॅरोमध्ये ऑप्टिशियन, मराठी सगळं आईकडून शिकलेलं. दिवसभर लोकांना भिंगं दाखवून “हे चांगलं, की ते?” विचारायचं आणि रविवारी पक्षी बघायचे, एवढंच आपलं आयुष्य आहे, असं त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

शाल्मली पुण्याहून चित्रकला शिकायला आली ती इथेच राहिली. एका प्रकाशकासाठी पाणपक्ष्यांच्या पुस्तकातली पेन्सिलचित्रं करत होती. काम म्हणजे जीव खाणारं. एकेका पंखाला आठवडा जायचा, आणि पेन्सिलीला इतकं टोक काढावं लागायचं की टोचली तर रक्त यावं. किंग्जबरीला ज्यांच्याकडे ती राहायची त्या अनुराधामावशी, निवृत्त डॉक्टर, वैतागून म्हणाल्या होत्या, “दिवसभर कागदाला नाक लावून बसतेस. डोळ्यांना जरा लांबचं दाखव काहीतरी.” म्हणून ही रविवारची पायपीट.

पण वीतभर अंतरावर नजर बसलेल्या डोळ्यांना उडता पक्षी सापडतो कशाला? शाल्मलीला पक्षी कागदावर बसलेला हवा, निदान फांदीवर तरी. नील “तिकडे” म्हणेपर्यंत तो भुर्र झालेला असे. त्यातून नील दाखवायला वाकला की त्याच्या जाकिटाची बाही तिच्या गालाला लागे, आणि मग समोर हत्ती आला असता तरी तिला दिसला नसता.

“दिसला?”

“दिसला.”

मार्चमध्ये दिसला, एप्रिलमध्येही दिसला. फ्लास्कमधला चहा ओतून तो विचारी, “हा कप चांगला, की तो?” दोन्ही कप सारखेच असत. ती उगाच विचार केल्यासारखं करून म्हणे, “पुन्हा एकदा दाखवा, डॉक्टर.” त्याचं मराठी चुकलं की ती सुधारून द्यायची. घरी बगळ्याचा पंख अर्धवट पडून असायचा, प्रकाशकाचे फोन यायचे, आणि शाल्मली शनिवारपासूनच बूट पुसायला घ्यायची. मावशी फक्त बुटांकडे बघून चष्मा पुसत.

एक गोष्ट मात्र तिला न दाखवता दिसली होती. तलावावर येणाऱ्या पक्षी मंडळात म्हातारा जेफ्री होता. दोन वर्षांपूर्वी नीलने एक दुर्मीळ पक्षी पाहिल्याचं मंडळाला कळवलं होतं. तो आणखी कुणालाच दिसला नव्हता, आणि म्हणून नोंद नाकारली गेली. तेव्हापासून जेफ्री खोपीत शिरताना हसून विचारायचा, “काय नील, आज तुला काय दिसलं?” त्यातल्या ‘तुला’वर किंचित जोर. नीलही हसायचा. पण त्याचे कान लाल व्हायचे, आणि मग बराच वेळ तो दुर्बीण डोळ्यांवरून खाली घ्यायचा नाही.

मे महिन्यातल्या त्या सकाळी खोपीत दोघंच होते. एकाएकी नीलने तिचं मनगट पकडलं.

“लव्हाळ्यावरून... उडतोय... शाल्मली, लिटल बिटर्न. पंखावरचा पांढरा पॅच, बघ, बघ—”

चार-पाच सेकंद. मग लव्हाळी हलायची थांबली. नीलने दुर्बीण खाली केली. त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं.

“दिसला ना?” त्याने अजून तिचं मनगट सोडलं नव्हतं. “प्लीज सांग, तू बघितला.”

“दिसला,” शाल्मली म्हणाली.

त्याने तिला मिठीच मारली. मग लाजून लांब झाला आणि भडाभडा बोलायला लागला. कबुतराएवढा इवलासा बगळा, असा पक्षी ह्या तलावावर म्हणजे लॉटरी. पण एकट्याने पाहिलेला कुणी मानणार नाही. दुसरा साक्षीदार हवा. “आणि ह्या वेळेला माझ्याकडे तू आहे. तू ड्रॉ कर. जसा बघितला, तसा. तुझा ड्रॉइंग बघून जेफ्री काय बोलणार? नेक्स्ट संडेला सगळे येतात, तेव्हा देऊ.”

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

घरी येऊन तिने पक्ष्यांची पुस्तकं उघडली. सगळं होतं त्यांत. काळी पाठ, पंखावरचा फिका पट्टा, मागे ताणलेले पाय. तिने कागद लावला आणि काढायला बसली, आणि तिला धडकी भरली ती चित्र बिघडतंय म्हणून नव्हे, छान उतरत होतं म्हणून. मंगळवारपर्यंत पक्षी असा काही उडू लागला की खुद्द नीलनेही शपथ घेतली असती, हाच तो. कुणालाही कळलं नसतं. जेफ्रीचं तोंड बंद झालं असतं, नीलचे कान पुन्हा कधी लाल झाले नसते. आणि ती जन्मभर त्याच्या शेजारी बसून त्या न पाहिलेल्या पक्ष्याच्या गप्पा ऐकत राहिली असती.

तिला जेवण जाईना. नीलचा फोन आला की ती तो नुसता वाजू द्यायची.

“खरं सांगितलं तर तो जाईल, मावशी,” शेवटी तिने सगळं ओकून टाकलं.

अनुराधामावशी भाजी निवडत होत्या. “जाईलही,” त्या म्हणाल्या. “पण मला एक सांग. तो पक्षी उडत होता तेव्हा तू काय बघत होतीस? डोळे मिटलेले तर नव्हते ना तुझे?”

शाल्मली उठली, आपल्या खोलीत गेली आणि तिने नवा कागद लावला.

रविवारी नील तिच्या आधी खोपीत येऊन बसला होता. इस्त्रीचा शर्ट घालून. ते पाहून शाल्मलीला तिथूनच परत फिरावंसं वाटलं.

“दाखव ना,” तो म्हणाला.

तिने कागद त्याच्या हातात दिला.

कागदावर पक्षी नव्हता. दुर्बीण नुकती खाली आलेला एक चेहरा होता. किंचित उघडं तोंड, नाकावर दुर्बिणीचा उमटलेला वळ, हनुवटीखाली दाढी करताना राहून गेलेले चार केस, डाव्या भुवईतली तुटकी रेघ, आणि पाण्याने भरलेले डोळे. एकूण एक पापणी होती.

“मी... मी हे बघत होते,” ती म्हणाली. “पक्षी नाही बघितला, नील. सॉरी.”

त्याने कागद जपून बाकावर ठेवला. बाहेर पाणकोंबड्यांचं भांडण चाललं होतं.

“आणि बाकीचे? किंगफिशर?”

“तो दिसला होता. शपथ.”

“फर्स्ट डेचा स्नाइप?”

“गवत होतं.”

“गवत,” नील म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, आणि ह्या वेळेला ते तिच्यामुळे झाले होते. “मी आईला सांगितला, फायनली कोणीतरी माझ्यासोबत बघितला.”

शाल्मलीच्या डोळ्यांना धारा लागल्या. काही बोलणार तोच दार करकरलं आणि छत्री झटकत जेफ्री आत आला. “काय नील, आज तुला काय दिसलं?”

नील उठून उभा राहिला. एक क्षण त्याने शाल्मलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती.

“गेल्या रविवारी लिटल बिटर्न,” तो इंग्रजीत शांतपणे म्हणाला. “फक्त मला दिसला. हिला नाही.”

जेफ्री नेहमीसारखा हसायला गेला. तेवढ्यात त्याची नजर बाकावरच्या कागदावर पडली. त्याने चष्मा चढवला, वाकून बघितलं. मग नीलच्या भुवईकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे.

“बिटर्नचं मला माहीत नाही,” तो अखेर म्हणाला, “पण असा चेहरा माणूस उगाच करत नाही.” आणि आपली घडीची खुर्ची उचलून तो खोपीच्या पार पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला, त्यांच्याकडे पाठ करून.

नील तिच्या शेजारी टेकला. मध्ये अंतर ठेवून. मग थोडं कमी अंतर ठेवून.

“मी अजून रागावलेला आहे,” तो कुजबुजला.

“माहीत आहे.”

“खूप.”

“हं.”

“पण मला तू आवडते.”

शाल्मलीने नाक पुसलं. “आवडतेस,” ती म्हणाली. सवयीनेच.

“आवडतेस,” त्याने शहाण्या मुलासारखं म्हणून बघितलं. “आणि बॉय असला, तर?”

“तर... आवडतोस.”

“कोणाला?”

ती बाहेर बघू लागली. लव्हाळ्यात काहीतरी हललं, बहुतेक वाराच होता. नील वाट बघत होता, आणि ह्या खेपेला तो लव्हाळ्याकडे बघत नव्हता.

“मला,” ती म्हणाली.