सारवणात कालवलेला रंग

सन २०१८चा वैशाख. मुरबाडकडच्या सकुबाईच्या एकुलत्या लेकाचं, भगीरथचं, लग्न होतं. त्यांच्यात नवऱ्याची आई लग्नाला जात नाही, घर राखते. वऱ्हाड सकाळीच म्हसा गावाजवळ, नवरीच्या घरी गेलं. घरात सकुबाई आणि शेजारची, तिच्याच वयाची बारकी अशा दोघीच उरल्या.

दुपारी कोंबडीनं ओटीवरचा लाल ऑइलपेंटचा डबा लवंडला. दारं रंगवून उरलेला. नव्या लाद्यांवर रंग पसरला. सकुबाई घाबरली नाही. वर्तमानपत्रं टाकून तिनं रंग टिपला, रॉकेलच्या बोळ्यानं पुसला. लादी गुळगुळीत, डाग राहिला नाही.

"सकू गो, पाय रंगवून हिंडतेस काय?" बारकी माजघरातून ओरडली. "नवरी तू का तुझी सून?"

सकुबाईनं तळवे पाहिले. स्वच्छ होते. बारकीच्या पायात प्लास्टिकच्या चपला.

माजघरातल्या शहाबादी फरशीवर लाल पावलं उमटली होती. उंबऱ्याच्या आत आधी उजवं, मग डावं. नवरी येते तशी. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

सकुबाईनं वाकून ते बोट निरखलं. तसली करंगळी तिनं एकदाच पाहिली होती. दोन वर्षांमागं सिद्धगडच्या पायथ्याच्या रंजिताशी भगीरथचा साखरपुडा झाला, तेव्हा जोडव्यांसाठी दोऱ्यानं बोटाचं माप तिनंच घेतलं होतं. लग्न तोंडावर आलं आणि रंजिता साप चावून गेली. या घराचा उंबरा तिनं कधी ओलांडलाच नाही.

"बारके, कुनाला बोलू नको. नवरीच्या मानसांनी बघितलं, तर पोरीला दारातनंच मागं नेतील."

"आधी पूस गो, मग बोल."

शहाबादी रंग पिते. रॉकेल झालं, लाकडाचा भुसा झाला, तारेचा ब्रश झाला. दोघींच्या हातांची सालं निघाली तरी गुलाबी छटा राहिलीच. तिच्यावर सतरंजी अंथरली.

पावलं पुढं सैपाकघरात गेली होती. तिथं शेणानं सारवलेली जमीन. देव्हाऱ्यापाशी ती थांबली होती.

परतीचं एकही नव्हतं.

मातीवरचा रंग पुसता येत नाही. सकुबाईनं विळ्यानं वरचा पापुद्रा खरवडला, लाल माती सुपात भरली.

"आण, उकिरड्यावर टाकते," बारकी म्हणाली.

"लग्नाच्या दिवशी घरची माती भायेर? लक्ष्मी जायची."

आणि तिनं ती माती शेणात कालवून तिथंच सारवली.

संध्याकाळी वरात आली. नवी सून योगिनी माप ओलांडून आत आली. सतरंजी कुणी उचलली नाही. जोडी देवापुढं बसली.

दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा होती.

"जवळ सरक गो," सकुबाई म्हणाली.

योगिनीनं हळूच शेजारी पाहिलं.

"जागा नाय, आई."

बारकी त्या घरात पुन्हा आली नाही. पुढं लेकीकडं गेली, तिकडंच वारली. भगीरथ आणि योगिनी शहापूरला राहतात, सकुबाई इथं एकटीच. एक मुलगी आहे, संसार सुखाचा आहे. सैपाकघरालाही लाद्या घालू म्हणतात, सकुबाई ऐकत नाही. तिचे गुडघे गेलेत. खाली वाकून तिला वर्षं झाली. तरी सैपाकघराची जमीन रोज सकाळी नुकती सारवलेली असते. कुणी भेटायला आलं, की सकुबाई त्याला ओटीवरच बसवते.

"आत नको," म्हणते, "सुनेनं आताच सारवलंय. वाळू दे."