चिंच पडली, सावली राहिली

जोतीराम गेला होता ते फक्त झाडं कापायच्या कटरच्या चेनीला तेल आणायला. मंद्रूपच्या बाजारात त्यानं तेल घेतलं, टपरीवर उभ्या-उभ्या चहा घेतला, धाकट्या भावासाठी भज्यांचा पुडा बांधून घेतला आणि मोटारसायकल वळवली. वैशाखाचं ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पूर्वी या रस्त्यानं जाताना अंगावर सावली-ऊन, सावली-ऊन असं पडत जायचं. आता नुसतं ऊन होतं, आणि ते जोतीरामच्याच हातचं काम होतं.

रस्ता रुंद व्हायचा होता. ठेकेदाराच्या माणसांनी दोन्ही बाजूंच्या झाडांवर पांढरे पट्टे मारून ठेवले होते, आणि संक्रांतीपासून जोतीराम, त्याचा भाऊ बिरप्पा आणि पिकअपवाला इलाहीबक्ष अशी तिघांची टोळी ती पट्टेवाली झाडं आडवी करत आली होती. शेवटची राहिली होती ती माळावरची चिंच. चौघांच्या कवेत मावणार नाही असा बुंधा, आणि सावली एवढी की आख्खी यात्रा खाली बसावी.

त्या दिवशी जेवणंसुद्धा तिच्याच खाली झाली होती. जेवताना इलाहीबक्षला धोंडप्पा लाकूडतोड्या आठवला नाही असा दिवस जात नसे.

"धोंडप्पाची कुऱ्हाड पाजळायचा दगड," तो भाकरी मोडत म्हणाला, "बैलगाडीत घालून आणायला लागायचा. एकदा त्यानं टेंभुर्णीला बाभळ पाडली, तर शेंडा गेला अकलूजच्या उसात. त्या साली तितं ऊसतोडीला टोळीच लागली न्हाई."

"आन् बुंधा कुटं गेला चाचा?" बिरप्पानं विचारलं.

"बुंध्यावर अजून लोक राहत्यात. पण माणूस घाईचा, बाबा. एकदा असली चिंच एका दमात पाडली, तर सावलीला पत्ताच न्हाई! झाड वखारीत गेलं, सावली आपली जाग्यावर."

"मग सावली कुणी इकली?" बिरप्पा हसत म्हणाला.

"त्येनंच. घोंगड्यासारखी गुंडाळून."

बिरप्पा हसून-हसून ठसकला. जोतीराम मात्र हसला नाही. त्याच्या बापाचं सगळं आयुष्य झाडं तोडण्यातच गेलं होतं, आणि बापानं त्याला सगळ्यात आधी कुऱ्हाड धरायला शिकवलं नव्हतं. हाक द्यायला शिकवलं होतं. रस्त्याकडेच्या जुन्या झाडाखाली नुसती पाखरं-मुंग्याच नसतात. चालून दमलेले, बसलेले आणि पुढं कधी उठलेच नाहीत असेही असतात. त्यांना उठवायचं. बुंध्याला हात लावून म्हणायचं, सावली सोडा हो, अमक्या झाडाखाली बसा हो. ते झाड त्याच रस्त्यावरचं पाहिजे, कारण वाटसरू वाट सोडत नाहीत. आणि ते उभं पाहिजे. मग थांबायचं. वारा नसतानाही खालचा पाचोळा सरकतो. तो सरकला की घाव घालायचा.

एकदा बापाची टोळी हाक द्यायला विसरली. झाड पडल्यावर सावली मागं राहिली, आणि एक धनगरी कुत्रं तिच्यात जाऊन निजलं. दिवस बुडाला तशी सावली गेली. कुत्रं तिथंच होतं, पण त्याच्या तोंडात माती गच्च भरलेली होती. बाप ही गोष्ट कधी हसत सांगत नसे.

म्हणून निघताना जोतीरामनं भावाला बजावलं होतं, "मी येस्तोवर मशीनला हात लावू नगंस."

"न्हाई लावत की. जा तू."

आता लांबूनच त्याला दिसलं, माळावरचं आभाळ मोकळं होतं.

चिंच आडवी पडली होती. बुंध्याचा ओला, तांबूस काप उन्हात चकाकत होता. भुशाचा आंबट वास पार रस्त्यापर्यंत आला होता. कटर एका बाजूला पडलेला, त्याच्या चेनीला काळं जळकं तेल. इलाहीबक्ष पिकअपला पाठ लावून उभा होता. टोपी हातात, ओठ हलत होते.

"चाचा, कुणी पाडलं हे?"

"तुझ्या भावानं. माझ्या गाडीचं जुनं ऑइल चेनीला घातलं. म्हणला, दादा येस्तोवर पाडून दावतो..."

"हाक दिली?"

"दिली की. पण मशीन चालू होती रे. त्याचं तोंड हलताना दिसलं. मी हाताभर अंतरावर, मला बी काय ऐकू आलं न्हाई."

जोतीरामच्या हातातला भज्यांचा पुडा खाली पडला. त्यानं खुंटाकडं पाहिलं.

खुंटाच्या पूर्वेला, रोज दुपार कलल्यावर सावली पडायची तिथं, सावली पडली होती. बारीक पानांची, कडेला झिरझिरीत, मधे दाट. ती हलत होती. वर मात्र काही नव्हतं, ढगाचा तुकडाही नाही. आणि त्या दाट काळोखीत, उशाला हात घेऊन बिरप्पा निजला होता.

"दमलो म्हणला, जरा पडतो म्हणला," इलाहीबक्ष पुटपुटला. "माझ्या बी ध्यानात आलं न्हाई रे. रोजचीच सावली. झाड पडल्यावर सावलीकडं कोण बघतं?"

"बिरप्पा! ए बिऱ्या!"

तो हलला नाही. जोतीरामनं सूर्याकडं पाहिलं. दिवस बुडायला अजून वेळ होता, पण फार नाही. सावली लांबत चालली होती, आणि लांबता-लांबता भावाला आत ओढून घेतल्यासारखी त्याच्यावर दाटत होती.

तो सरळ आत शिरला.

आत गार होतं. पहाटेच्या विहिरीसारखं गार. भिजलेल्या घोंगडीचा वास आला, मग चुना-तंबाखूचा. कुणीतरी कानाजवळ खोकलं. कुठं जोडव्याचा बारीक आवाज झाला, कुणी हळू आवाजात तान्ह्याला थोपटत होतं. दिसत काहीच नव्हतं, पण पाय टाकायला जागा नव्हती. गर्दीतून वाट काढावी तसा तो अंग चोरत भावापर्यंत पोचला. त्याच्या बगलेत हात घालून उचलायला गेला. बिरप्पा शाळेत असल्यापासून त्याला खांद्यावर घेतलेला हा माणूस, पण भाऊ जमिनीपासून तसूभर सुटेना. ओल्या ओंडक्यासारखा.

"दोर टाका, चाचा!"

झाड ओढायचा दोर त्यानं भावाच्या छातीभोवती बांधला, दुसरं टोक पिकअपला. इलाहीबक्षनं गाडी घातली गियरमध्ये. दोर तटतटला, चाकं जागच्या जागी फिरून धुरळा उडाला. बिरप्पाच्या सदऱ्याची शिवण टरकन उसवली आणि झोपेतच त्याच्या घशातून एक कण्हणं आलं.

"थांबवा! थांबवा... मरंल तो."

गाडी थांबली. जोतीरामनं दोर सोडला.

"मी शहरातनं कुणाला आणू का?" इलाहीबक्ष म्हणाला. "आमच्यात एक हायेत, फुंकर मारणारे..."

"तुमी येस्तोवर दिवस बुडंल. हाक ऱ्हायली हाय, ती देतो."

जोतीराम खुंटापाशी गुडघ्यावर बसला. कापावर तळवा टेकवला. ओलं लाकूड अजून कोमट होतं. बापासारखा आवाज काढायचा म्हणून त्यानं खाकरलं.

"सावली सोडा हो! पुलाजवळच्या वडाखाली बसा हो!"

तो थांबला. एक पान हललं नाही. उलट आतली कुजबूजही गप्प झाली, आणि सगळे आपल्याकडंच पाहताहेत असं त्याला वाटलं. वड तर त्यानं होळीच्या आधीच पाडला होता.

"सावली सोडा हो! ओढ्यावरच्या जांभळाखाली..." म्हणता-म्हणताच त्याची जीभ अडखळली. तेही त्यानंच.

"लांबचं सांग की एखादं," इलाहीबक्ष म्हणाला. "नदीकाठाला काय कमी झाडं हायेत?"

"वाट सोडत न्हाईत ते, चाचा. ह्याच रस्त्याचं पायजे."

"मग ह्या रस्त्यावर आता उभं काय राह्यलंय?"

जोतीरामनं मंद्रूपच्या दिशेनं पाहिलं. दोघांनाही ते माहीत होतं. मंद्रूपच्या पुढं, त्याच्या वस्तीच्या दारात एक कडुलिंब होता. अगदी रस्त्याला लागून, पट्टा मारलेला. आईनं बुंध्याला मिठी मारून आरडाओरडा केला म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी रस्त्याची आखणी हातभर सरकवली आणि तेवढा एक वाचला. आई दुपारची त्याच्याच खाली बाज टाकून दिवस कलेपर्यंत पडायची.

"न्हाई जोतीराम," इलाहीबक्ष हळूच म्हणाला. "घरादारात न्हाई बोलवायचं असलं काही..."

"मग भावाला हितंच सोडू?"

त्यानं खिशातून फोन काढला. आईला लावला.

"आई, लिंबाखाली हायेस का?"

"व्हय. का रं?" रंभाबाईचा झोपाळू आवाज.

"ऊठ. बाज उचल, घरात जा. शेळ्या बी सोड तितनं."

"का? काय झालं?"

"पाव्हणं येणार हायेत."

"आन् आत्ता सांगतुयास व्हय मुडद्या! किती जणं? पीठ तरी..."

"भाकरी नगं आई. नुसती जागा कर."

तिकडं बाज सरकवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "बिरप्पा कुटं हाय?"

"येतोय. घेऊनच येतो." त्यानं फोन बंद केला.

सूर्य माळाच्या कडेला टेकला होता. सावली पार शेतात गेली होती, आणि तिच्या टोकाकडचा भाग विरायला लागला होता. बिरप्पाचा चेहरा आता नीट दिसत नव्हता. ओठांच्या कोपऱ्यात मातीसारखं काहीतरी काळं दिसत होतं.

जोतीरामनं दोन्ही तळवे कापावर दाबले.

"सावली सोडा हो! मंद्रूपच्या पुढं रस्त्याला लिंब हाय... माझ्या दारातला. उभा हाय. त्याखाली बसा हो... मी बसा म्हणतो."

वारा नव्हता. सावलीतला पाचोळा आधी एका कडेला सरकला, मग सगळाच. कुणीतरी गुडघ्यावर हात टेकून उठावं तसा एक सुस्कारा आला, आणि त्याच्यामागून दुसरे. जोतीरामनं मान वर केली नाही. अगदी जवळून काहीतरी गेलं, एक भिजका पदर त्याच्या पाठीला घासून गेला. रस्त्याकडेच्या फुफाट्यात बारीक-बारीक धूळ उडत पुढं गेली, मंद्रूपच्या दिशेनं, एकामागून एक, सावकाश. इलाहीबक्ष पिकअपच्या दाराआड डोळे मिटून उभा होता.

मग बिरप्पा खोकला. उठून बसला, थुंकला, आणि तोंडातली माती हातानं पुसत म्हणाला, "आरं दादा... तेल आणलंस का?"

जोतीरामनं त्याच्या एक मुस्काटात लगावली आणि मग त्याला घट्ट धरून ठेवलं. खुंटाभोवती आता फक्त खुंटाची सावली होती, तीही बघता-बघता गेली.

घरी आले तेव्हा अंगणात काहीच वेगळं नव्हतं. रंभाबाईनं पाण्यानं भरलेली घागर आणि पितळी तांब्या कडुलिंबाखाली ठेवला होता. पाहुणे कुठं आहेत, हे तिनं विचारलं नाही. जोतीरामनंही सांगितलं नाही. त्यानं फक्त एवढंच ठरवलं, की या झाडाला आपण जिवंत असेतो कुणाला कुऱ्हाड लावू द्यायची नाही, मग रस्ता कितीही रुंद होवो. मशीन त्यानं इलाहीबक्षला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन डोक्यावर होतं. जोतीराम पाणी प्यायला दारात आला. कडुलिंबाची गोल, दाट सावली अंगणात पडलेली, आणि तिच्यात कुणी नव्हतं. शेळ्या उन्हात उभ्या होत्या, माना खाली घालून, धापा टाकत. आणि त्यांच्याजवळच, तापल्या मातीत मांडी घालून, बिरप्पा घामानं निथळत भाकरी खात होता.

"आरं येडा का खुळा तू?" जोतीराम ओरडला. "सावलीत बस की!"

बिरप्पानं कडुलिंबाकडं पाहिलं. कुणाशी तरी नजरानजर व्हावी तशी त्यानं हलकीशी मान डोलावली, मग भाकरीचा तुकडा मोडला.

"बसलो असतो दादा," तो म्हणाला. "पण जागा कुटंय?"