मिस करंदीकर यांची मुलाखत

"अहो, तुमच्या बिस्किटांवर तिची उत्तरं आहेत!"

कुंदाच्या तोंडून हे निघून गेलं आणि तिनं जीभ चावली. परक्या पुरुषाला भर दुकानात असं कुणी हटकतं का? पण करणार काय! उल्हासनगरच्या निर्वासित कॅम्पात टेकचंदच्या दुकानी तिनं पावशेर शेव घेतली होती. पुडीचा कागद होता इंग्रजी सिनेसाप्ताहिकाचा, आणि त्यावर कुठल्याशा नटीची मुलाखत. प्रश्न सगळे कुंदाच्या पुडीवर, उत्तरांचा भाग फाटून गेला तो शेजारच्या चष्मेवाल्याच्या बिस्किटांबरोबर.

चष्मेवाल्यानं पुडी उलटीपालटी करून पाहिली आणि हसला. "मग विचारा की तुम्ही. मी उत्तर देतो."

"इश्श..." म्हणाली खरी, पण विचारलं. अडखळत, बोट ठेवून. आणि त्यानंही नटीसारखी मान वेळावून उत्तर वाचलं. टेकचंद तराजू हातात धरून बघतच राहिला. "वाह साईं! ये तो मुफ्त का सिनेमा है!"

त्याचं नाव कमळाकर सप्रे. अंबरनाथच्या नव्या कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायचा. कुंदाचे वडील, अण्णा करंदीकर, त्याच कारखान्यात टाइमकीपर होते. घरात दोघंच. आई जाऊन सहा वर्षं झाली होती आणि अण्णांचं बोलणं तिच्याबरोबरच गेल्यासारखं झालं होतं. क्वार्टरमध्ये दिवसभर कुंदा, चूल आणि घड्याळ. मॅट्रिकला इंग्रजीनं दगा दिला, एकट्या इंग्रजीनं बरं का, बाकी सगळ्यांत पास! परत बसायचं होतं; अण्णांना इंग्रजी येई, पण त्यांना विचारायचं कसं, आणि दुसरं शिकवायला कुणी नव्हतं. म्हणून रद्दीतल्या नट्या तिच्या मास्तरीणबाई झाल्या होत्या.

मग दर रविवारी सकाळी ती शेव घ्यायला जाऊ लागली. अण्णांना शेव आवडत नव्हती, हा भाग वेगळा. परतताना शिवमंदिराजवळच्या पारावर दोघं कागद पसरून बसायचे. श्रावणातल्या सरी यायच्या-जायच्या, कागद ओले व्हायचे, आणि कमळाकर रुमालानं एकेक ओळ टिपायचा.

"‘ही इज पुलिंग माय लेग’," कुंदानं वाचलं. "अगंबाई! पाय ओढतो? मेल्याला लाज नाही?"

"पाय नव्हे हो, थट्टा करतो."

"तुम्ही आत्ता करताय तशी?"

"मी?" तो म्हणाला. "तुमचा पाय ओढायची माझी काय बिशाद!"

हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं हसून किती दिवस झाले होते, तिलाही आठवेना.

कागद संपला की कमळाकर स्वतःच वार्ताहर व्हायचा. हा खेळ मोठा सोयीचा. मराठीत जे विचारायची छाती झाली नसती, ते मुलाखतीत खुशाल विचारता यायचं.

"मिस करंदीकर, व्हॉट डू यू डू व्हेन यू आर लोनली?"

कुंदानं पदराचं टोक पिळलं. "आय... आय कट व्हेजिटेबल्स. स्लोली."

"स्लोली?"

"भाजी हळू चिरली की वेळ जातो," ती मराठीत म्हणाली. तो हसला नाही. तिच्याकडे नुसता बघत राहिला, आणि त्या दिवशी पुढचा प्रश्न काही विचारलाच नाही.

तिचं मन केव्हाच जडलं होतं. आता एकच गोष्ट हवी होती, त्यानं एकदा म्हणावं, ‘अण्णांना विचारू का?’ बस्स, एवढंच. दर रविवारी ती वाट बघायची, आणि दर रविवारी तो नट्यांबद्दलच बोलायचा. बुद्धीनं हुशार माणसं असल्या बाबतीत अगदी ठोंब असतात!

दिवाळी झाली आणि एका रविवारी तो आला, पण पारावर बसला नाही.

"उद्या बंगलोरला निघतोय. ट्रेनिंगला. दोन वर्षं."

कुंदा मोठ्या कष्टानं हसली. "मग आज वार्ताहर मी. व्हॉट विल यू डू... देअर?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आय शॅल मिस यू."

आता बघा, नशीब कसं असतं ते! ‘मिस’ हा शब्द कुंदाला पक्का ठाऊक होता. नटीच्या नावाआधी लावतात तो एक, आणि गाडी मिस होते, कॅच मिस होतो, तो दुसरा. मिस म्हणजे चुकणं. म्हणजे... ‘मी तुम्हांला चुकवीन’? तोंड चुकवणार? चार महिने खेळवून आता बंगलोरला गेल्यावर ओळखही ठेवणार नाही, आणि हे वर तोंडावर सांगतोय?

ती उठली. मान ताठ. "व्हेरी गुड," ती म्हणाली, आणि चालू लागली.

"मिस करंदीकर... अहो, कुंदाबाई!"

तिनं वळून पाहिलं नाही. तो बिचारा पारावर तसाच उभा राहिला. मनातलं सांगितलं आणि बक्षीस काय, तर व्हेरी गुड! त्यानंही काय समजायचं ते समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी गेला. पत्र नाही, निरोप नाही.

थंडी सरली, होळी झाली. शेव बंद झाली. कुंदाला पार रिकामं रिकामं वाटायचं, आणि सांगणार कुणाला?

वैशाखात अण्णांनीच एकदा येताना पापड आणले, टेकचंदकडून. पुडी सोडताना नजर गेलीच. कुणी एक नटी आपल्या आईबद्दल सांगत होती. आई लाहोरला राहिली होती, ही मुंबईत. ‘आय मिस माय मदर. आय मिस हर मोस्ट ॲट मीलटाइम्स.’

कुंदा थबकली. आईला कुणी चुकवतं का? आणि तेही नेमकं जेवायच्या वेळी?

तिचं लक्ष मांडणीकडे गेलं. अजूनही पानं घेताना तिचा हात तिसऱ्या ताटाकडे जायचा. मग आठवायचं, आणि हात मागे यायचा. सहा वर्षं रोज असंच. त्याला मराठीत एक शब्द नव्हता, पण या बाईनं तेच सांगितलं होतं. अगदी तेच!

"अरे देवा... काय करून बसले मी!" ती मटकन खालीच बसली.

रडून झाल्यावर तिनं कागद घेतला. मराठीत लिहायचा धीर होईना, म्हणून इंग्रजीत लिहिलं. आता पत्ता? तो कारखान्याच्या वहीत, आणि वही अण्णांच्या ताब्यात. दोन दिवस ती नुसती घरात येरझारा घालत होती. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या चहाच्या कपाशेजारी ती चिठ्ठी ठेवली आणि दाराला टेकून उभी राहिली.

"अण्णा, मला सप्र्यांचा बंगलोरचा पत्ता हवाय."

अण्णांनी वर पाहिलं. चिठ्ठी उचलली. सावकाश वाचली.

"हे काय? ‘आय ॲम मिसिंग’?" अण्णा म्हणाले. "याचा अर्थ, मी हरवले आहे. पोलिसांत वर्दी द्यावी लागेल."

"तेही खरंच आहे, अण्णा," ती पुटपुटली.

अण्णांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे केलं. "पुढे ‘यू’ राहिलाय. घाल."

आठव्या दिवशी उत्तर आलं, चक्क मराठीत. ‘मिस करंदीकर, इंग्रजी आता पुरे. तुमच्या व्हेरी गुडनं मला सहा महिने नीट झोप नाही. रविवारी आईला अण्णांकडे पाठवतो आहे. ट्रेनिंग संपलं की लग्न करू या... कराल ना?’

हे तोंडानं कसं सांगणार! तिनं पत्रच अण्णांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, घडी घातली, पण परत देईनात.

"दीड वर्ष आहे अजून," ते म्हणाले.

"जाईल हो, अण्णा. दीड वर्ष म्हणजे काय मोठंसं?" कुंदा हसून म्हणाली. मग तिनं त्यांचा चेहरा पाहिला. ते तिची समजूत घालत नव्हते, स्वतःची घालत होते. कुंदाचं हसू ओठांवरच राहिलं, आणि ती जाऊन त्यांच्या शेजारी बसली.