मीटरवर साडेबारा

गेल्या मार्चमधला मंगळवार. दुपारचे पावणेतीन. लासुर्णे ते अंथुर्णे रस्ता.

झोपेतून उठवून विचारा, हेच सांगेन. पदरचं काही घालत नाही. घालायचं असतं तर स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

बारामतीत माझं गॅरेज आहे. मी गाड्यांची इंजिनं ट्यून करतो. इंजिनात हवा आणि पेट्रोल कुठल्या प्रमाणात जळतंय, ते एका छोट्या मीटरवर आकड्यात दिसतं. फुल ॲक्सिलरेटरवर साडेबारा पाहिजे. पंधरा-सोळा दिसला की पेट्रोल कमी पडतंय, पाय लगेच काढायचा. नाहीतर इंजिन आतून जळून जाम होतं.

नियम माझाच. एकानं चालवायचं, शेजारच्यानं आकडा मोठ्यानं वाचायचा. चालवणाऱ्यानं मीटरकडं बघायचंच नाही.

दोन वर्षांपूर्वी याच रस्त्यावर ऋषिराज चालवत होता. माझा जिवाभावाचा मित्र. मी आकडा वाचत होतो…

नाही. मी मोबाइल बघत होतो.

"किती रं, रसूल?"

"साडेबारा," मी मान वर न करता म्हणालो.

मग वर बघितलं.

सोळा पॉइंट आठ.

इंजिन जाम झालं, गाडी घसरत बाभळीवर आदळली. माझा हात मोडला. ऋषिराज जागीच गेला.

सगळ्यांना मी सांगितलं, "पाय काढ म्हणालो, त्यानं ऐकलं न्हाय." मेलेला माणूस काय उलट बोलायला येतोय. त्याचे वडील म्हस्कूआबा अजून चारचौघांत म्हणतात, "पोरगं हट्टानं मेलं." ऋषिराजची बायको माधवी तेवढी गप्प असते. ती गप्प बसली की मला जेवण जात नाही.

मीटर मात्र शाबूत राहिला. तोच मी माझ्या गॅरेजात काम करणाऱ्या मुन्नाच्या गाडीत लावला. सांगायला लाज वाटते, पण चांगली वस्तू टाकवली नाही.

त्या मंगळवारी मुन्ना चालवत होता. मोबाइल मी गॅरेजातच ठेवला होता. साडेबारा… साडेबारा… आकडा झकास चालला होता.

पुढं ती बाभूळ दिसली.

आणि आवाज गेला… इंजिनाचा, वाऱ्याचा, खडीचा. सगळाच.

मीटरवर सोळा पॉइंट आठ.

"मुन्ना, पाय काढ," मी ओरडलो.

त्याचा पाय हलला नाही.

मी हात घालून गिअर काढला. गाडी बाभळीच्या अलीकडं कशीबशी थांबली.

"भाई, साडेबारा म्हणायचं आन् मधीच गिअर काढायचा? ह्ये काय?" मुन्ना चिडला होता.

"साडेबारा कुठं म्हणालो? पाय काढ म्हणालो की."

"न्हाय. मी किती म्हणून इचारलं, तुमी साडेबारा म्हणाला. तुमचाच आवाज व्हता."

मी लॅपटॉपवर मीटरची नोंद बघितली. आकडा साडेबाराच्या वर गेलाच नव्हता.

त्याच संध्याकाळी मी कळंबला माधवीकडं गेलो. उंबऱ्यातच सगळं सांगून टाकलं. मोबाइल. न बघता सांगितलेला साडेबारा. नंतरचं खोटं. रडत रडत, एकही शब्द न गाळता.

ती शांतपणे ऐकत होती.

मग डोळे पुसून म्हणाली, "कळलं, रसूलभाऊ. तुमी पाय काढ म्हणाला व्हता… त्यांनीच ऐकलं न्हाय. दोन वरसं मी तुमच्यावर उगाच संशय घेतला. माफ करा."

मी पुन्हा सांगितलं. तिनं पुन्हा हात जोडले.

त्यानंतर मी म्हस्कूआबांना सांगितलं. मुन्नाला सांगितलं. सगळ्यांना तेच ऐकू जातं… जे मी आधी सांगितलं होतं ते.

मीटरच्या वायरी तोडून तो मी कपाटात टाकलाय. कपाट उघडायची हिंमत होत नाही.

म्हणून हे लिहून काढलं. एवढंच कळवा… मोबाइल मी बघत होतो, हे तुम्हाला वाचता आलं ना?