बत्तीस पत्रं आणि एक जास्तीचं

मधली सुट्टी संपत आली होती. तिसरीच्या रिकाम्या वर्गात मी फळा पुसत होते, तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. वळून पाहिलं तर एक उंच माणूस... घड्याळं दुरुस्त करताना डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर तसंच चढवलेलं आणि हातात माझ्या वर्गातल्या वहीचं पान.

"भिंगरी कोण? तिने मला पत्र पाठवलंय. उत्तर सुचेना, म्हणून दुकान बंद करून आलो."

ते पत्र मला तोंडपाठ होतं. 'घड्याळवाले काका, तुमच्या भिंतीवर अकरा घड्याळं आहेत आणि सगळ्यांत वेगळेच वाजतात. मग तुम्ही जेवता कुठल्या घड्याळाने?'

"मग? काय चुकलं तिचं?" मी आवाज चढवूनच विचारलं. मुलांच्या पत्रांवरून येणाऱ्या तक्रारी ऐकून माझे कान किटले होते.

"चुकलं ना! काका म्हटलंय मला — एकोणतिसाव्या वर्षी!"

"तिला मोठे झालेले सगळे काकाच वाटतात."

"आणि... तुम्हाला?"

मी उगाचच डस्टर झटकलं. खडूची धूळ उडाली आणि दोघंही एकदमच शिंकलो. हसू काही मला आवरलं नाही.

आमच्या शाळेत निबंध म्हणजे बाईंनी फळ्यावर लिहायचा आणि मुलांनी उतरवून घ्यायचा. 'आमची सहल' बत्तीस वह्यांत शब्दन् शब्द एकच, आणि त्या वर्षी सहल निघालीच नव्हती! मला ते बघवेना. मी निबंधाऐवजी पत्रं सुरू केली आणि दोनच नियम केले. पत्र खऱ्या माणसाला लिहायचं, आणि ज्याचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही असा प्रश्न त्यात विचारायचा. आठवडाभर पत्रं खोक्यात पडायची, गुरुवारी खोकं उघडून ज्याची त्याला पोचवायची. लाल पेन मी घरीच ठेवून यायचे.

घड्याळवाला मग दर गुरुवारी येऊ लागला. एकदा त्याने मोडक्या घड्याळांची चाकं ताटलीत आणली आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक ठेवलं. "हे चाक कुणाच्या घरी फिरत होतं, त्याने तिथे काय पाहिलं, ते तुम्हीच सांगा," तो म्हणाला. वर्ग असा गप्प झाला की मला भीतीच वाटली... आणि मग पेन्सिली चालू लागल्या. दोन ओळींवर कधी न जाणाऱ्या मुलांनी आणखी कागद मागून घेतले. मी त्याच्याकडे पाहत राहिले. त्याने पाहिलं, तर मी खिडकीकडे पाहिलं.

"बाई, तुम्ही नाही लिहीत?" तो हळूच म्हणाला.

"मी शिकवते."

"ही चांगली पळवाट आहे हं!"

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, हे सगळं खुपत होतंच. माझी नोकरी अजून तात्पुरती होती. वर्षअखेर त्या अहवाल लिहिणार, त्यावर मी कायम होणार की घरी बसणार ते ठरणार. एका बुधवारी त्या खोकंच उचलून घेऊन गेल्या आणि गुरुवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं.

टेबलावर पत्रांची चळत होती. पानोपानी लाल रेघोट्या. सगळ्यात वर भिंगरीचं पत्र, दूर राहणाऱ्या वडिलांना लिहिलेलं. 'बाबा, मी शाळेला निघते तेव्हा तुमच्या घरात काय चालू असतं?' खाली लाल शेरा: घरगुती विषय टाळावा. दहापैकी तीन.

जूनपासून ती पोर वडिलांचं नावही काढत नव्हती. माझं डोकंच फिरलं.

"आणि एक सांगा," मोठ्या बाई चष्मा सावरत म्हणाल्या, "पटावर बत्तीस मुलं, मग पत्रं तेहतीस कशी? हा कोण आगाऊ? अक्षर बघा, कोंबडीचे पाय! मी चार गुण दिलेत." आणि त्या मोठ्याने वाचू लागल्या. "'बाई, नियम सगळ्यांना सारखे, म्हणून मीही विचारतो. गुरुवार सोडून उरलेल्या सहा दिवसांत तुम्हाला माझी आठवण...'"

त्या थांबल्या. कान लाल झाले त्यांचे. माझे तर आधीच झाले होते.

"हे शाळेत? लहान मुलांच्या खोक्यात? उद्यापासून तो माणूस बंद, पत्रं बंद. निबंध फळ्यावरून. नाहीतर अहवालात काय लिहायचं, ते मला कळतं."

त्याच वेळी मला तो दिसला. दाराशी, ताटली हातात, चेहरा पांढराफटक. गुरुवार होता ना!

नोकरी मला हवी होती. फार हवी होती. पण मी ती चळत उचलून छातीशी धरली.

"लिहा," मी म्हणाले. "पत्रं चालूच राहतील, हे लिहा. मुलांना मी खोटी सहल पुन्हा उतरवून देणार नाही. आणि येते मला त्याची आठवण — रोज येते, रविवारी तर जास्तच! माझं प्रेम आहे त्याच्यावर. तेही अहवालात लिहा."

ताटली खाली पडली. चाकं टेबलाखाली, कपाटाखाली, मोठ्या बाईंच्या चपलांपर्यंत गडगडत गेली.

"आणखी एक वर्ष तात्पुरत्या राहाल," मोठ्या बाई म्हणाल्या. शब्द कडक होते, पण पाय त्यांनी चाकांवरून जपून बाजूला घेतले.

"राहीन," मी म्हणाले.

बाहेर मधल्या सुट्टीचा गोंधळ सुरू झाला होता. "बाई," तो कसाबसा बोलला, "मी हे... दुकानात, आरशासमोर, दहा वेळा म्हणून पाहिलं होतं. आणि तुम्ही एका दमात..."

"चला, भिंगरीचं पत्र पोस्टात टाकून येऊ. मोठ्या बाईंच्या शेऱ्यासकट जाऊ दे. बापालाही कळू दे, मुलीने किती किंमत देऊन विचारलंय."

मी हात पुढे केला, त्याने धरला. तिसरीच्या खिडकीत एकावर एक डोकी गोळा झाली होती, पाचवीच्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. तो हात सोडवायला लागला. मी काही सोडला नाही.