बाबांची गाडी वेलिंग्टनला

"ओ भाईसाब! क्या कर रहे हो?"

तळघरातल्या पार्किंगमध्ये माझा आवाज केवढा तरी घुमला. बाबांच्या गाडीच्या मागच्या चाकाशी एक जण उकिडवा बसून टेपने माप घेत होता. त्याने मान वर केली. बाहेर डिसेंबरचं दाट धुकं होतं, त्याचे थेंब अजून त्याच्या केसांवर तसेच होते.

"नाप रहा हूँ जी. लंदन जा रही है ना?"

"माझी गाडी? लंडनला?" रागाच्या भरात मी सरळ मराठीतच ओरडले.

तो उभा राहिला. काचेवर बाबांच्या ऑफिसचा पास अजून चिकटलेला होता... बळवंत केळुस्कर. त्याने तो वाचला आणि हसू दाबत म्हणाला, "सॉरी मॅडम. सी ब्लॉकच्या कपूरांची गाडी मोजायची होती. गार्डने ही दाखवली. मी नचिकेत. परदेशी जाणाऱ्यांचं सामान आमची कंपनी पोचवते."

आता याला योगायोग नाही तर काय म्हणायचं? पुढच्या महिन्यात मी गाझियाबाद सोडून वेलिंग्टनला चालले होते. तिथल्या एका इस्पितळात फिजिओथेरपिस्टची नोकरी, दोन वर्षांचा करार. आणि मला बाबांची गाडी न्यायची होती. त्यासाठीच तर कागद काढायला मी दहा महिन्यांनी पहिल्यांदा या तळघरात उतरले होते. बाबा गेल्यापासून इथे पाऊल ठेववत नव्हतं. कामावर मी मेट्रोने जायचे.

"माझीही गाडी मोजा मग, वेलिंग्टनला न्यायची आहे," मी म्हटलं. "मोजून झालीच आहे म्हणा."

मी चावी फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. "बघा! तेरा वर्षांची आहे, बाबा गेल्यापासून दहा महिने बंद, पण बाबांची आहे."

नचिकेतने डाव्या सीटखाली टॉर्च मारला, क्षणभर तिथेच थांबला... आणि माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं. मग शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही नेऊ नका."

मला असा राग आला! "का?"

"तिथले नियम फार कडक आहेत. मातीचा कण चालत नाही. इतकी जुनी गाडी पास होईलच असंही नाही. आणि गाडी वडिलांच्या नावावर असेल ना? आधी तुमच्या नावावर करावी लागेल. आईंच्या सह्या लागतील."

"त्या मी आणते. तुमचं काम गाडी पाठवायचं आहे की अडवायचं?"

"पाठवायचं," तो म्हणाला आणि टेप गुंडाळून निघून गेला.

सह्या आणते म्हणणं सोपं होतं. आई रोज नवीन कारण काढायची. आज चतुर्थी आहे, आज चष्मा सापडत नाही, आज भजनाला उशीर होतोय. दुपारी तीनला ती सोसायटीच्या देवळात भजनाला जायची ती तासाभराने परत यायची. मला वाटायचं, ही उगाच अडून बसली आहे. कधी कधी तिच्यावर खेकसायचेसुद्धा. ते आठवलं की आजही मान खाली जाते.

नचिकेत मात्र येत राहिला. कधी एक फॉर्म, कधी दुसरा.

"फरीदाबादहून इथवर कागद द्यायला येता?" तिसऱ्या खेपेला मी विचारलं. "ईमेल नाही का तुमच्या कंपनीत?"

"आहे ना." तो चहाच्या कपावर हात शेकत होता. "पण ईमेलवर चहा देत नाहीत, यार."

"यार?"

"सॉरी... मॅडम."

"केतकी म्हटलं तरी चालेल."

"अच्छा," एवढंच म्हणाला. पण कान लाल झाले होते, थंडीने नक्कीच नाही. त्याचे वडील सुभेदार होते, मूळचे साताऱ्याकडचे. हा दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये वाढला होता. कसलीही वस्तू उचलताना आधी तिच्यावर हलकेच हात फिरवायची त्याला सवय होती, जणू तिची परवानगी घेतोय. माझ्या पुस्तकांच्या खोक्यांवरूनही त्याने असाच हात फिरवला, आणि मी उगीचच दुसरीकडे बघायला लागले. जायच्या तोंडावर हे काय होऊन बसलं, असं मनात आलं... आणि छानही वाटलं.

संक्रांत आली. दर चौदा जानेवारीला बाबा आम्हाला पानिपतला न्यायचे, काळ्या आंब्यापाशी. लढाईत गेलेल्यांना हात जोडायला त्या दिवशी दिल्लीतली कितीतरी मराठी कुटुंबं जातात. बाबांनी एकही वर्ष चुकवलं नव्हतं. "शेवटचं एकदा त्याच गाडीने जाऊ," मी आईला म्हटलं. आई लगेच म्हणाली, "नचिकेतलाही बोलाव."

धुक्यातून मी जपून गाडी हाकत होते. आई माझ्या शेजारी मांडीवर तिळगुळाचा डबा धरून, आणि नचिकेत मागे. आरशात दोनदा त्याची नजर भेटली. दोन्ही वेळा त्याने ती काढून घेतली.

पानिपतला गर्दी होती. आई ओळखीच्या बायकांमध्ये मिसळली. आम्ही दोघं स्मारकाच्या कडेने चालत राहिलो.  शेवटी त्याने जॅकेटमधून कागद काढले.

"सकाळी तुम्ही पेट्रोल भरत होतात, तेव्हा काकूंनी हे माझ्या हातात दिले. सगळ्या सह्या केल्या आहेत."

"अरे वा! मग झालं की काम!"

"हो. पण मला ते पुढे नेता येत नाहीये, केतकी."

"आता काय अडलं?"

"दहा महिने बंद असलेली गाडी पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. बॅटरी उतरते. त्या दिवशी डाव्या सीटखाली त्याच सकाळचा पेपर होता. त्यावर चष्मा, आणि घडी घातलेली शाल. दुसऱ्या दिवशी मी कपूरांची गाडी मोजायला परत आलो, तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. काकू तुमच्या गाडीत बसल्या होत्या, आपल्या जागेवर. मला पाहून एवढंच म्हणाल्या की मुलीला सांगू नका. नंतरच्या सगळ्या खेपांना मी आधी तळघरात जायचो, बॅटरी तपासायला. त्या रोज तिथेच असायच्या."

"पण ती तर भजनाला..."

"त्या भजनाला जात नाहीत."

माझे पाय जागीच थबकले. चष्मा सापडत नाही... चतुर्थी आहे... इतके महिने मी एका घरात राहत होते आणि मला काही दिसलं नाही. मला वाटत होतं बाबांची आठवण फक्त मलाच येते, म्हणून गाडी माझी. तळघरात जाववत नाही म्हणून मी वर बसून रडायचे, आणि माझी आई रोज तिथे जाऊन, गाडी बंद पडू नये म्हणून चावी फिरवून, त्यांच्या शेजारच्या जागेवर बसून यायची. एकटी. वर येऊन माझ्यासाठी पोळ्या करायची. आणि आज तीही जागा तिने सह्या करून मला देऊन टाकली होती.

"आधी का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"त्यांनी शब्द घेतला होता. नियम सांगून तुम्हाला परतवता येतं का ते बघितलं, तर तुम्ही माझ्यावरच चिडलात." तो खाली बघत होता. "आज शब्द मोडला. ही गाडी मी भरून पाठवली असती, तर आयुष्यभर तुम्हाला माझी आठवण... तेवढीच राहिली असती. ते मला नको होतं."

मी हात पुढे केला. त्याने कागद दिले. मी ते फाडले, चांगले बारीक तुकडे केले आणि पर्समध्ये कोंबले, कारण तिथे कचरा टाकणं बरं दिसलं नसतं.

आई पारावर बसली होती. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसले. "आई, गाडी इथेच राहील."

तिने आधी नचिकेतकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळं समजलं तिला. "तुला तिकडे एकटं वाटेल गं," ती म्हणाली. "त्यांचं काहीतरी असू दे तुझ्याजवळ, म्हणून केल्या सह्या."

"आणि तुझ्याजवळ?"

तिने पदर तोंडाला लावला. बाबा गेले तेव्हाही ती लोकांसमोर रडली नव्हती. आज भर गर्दीत रडली, मी तिच्या गुडघ्यांना मिठी मारून तिच्याबरोबर रडले. शेजारच्या बायका पाणी घेऊन आल्या. त्यांना वाटलं, आम्ही लढाईतल्या वीरांसाठीच रडतोय.

बऱ्याच वेळाने आईने डोळे पुसले. नचिकेत लांब उभा राहून उगाचच आभाळ बघत होता.

"गाडीचं ठरलं," आई हळूच म्हणाली. "आणि त्याचं?"

"त्याचं काय?"

"केतकी, विमान पंचवीसला आहे. नाटकं नंतर कर."

मी उठले. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. आता लपवालपवी नको झाली होती, आमच्या घरात ती फार झाली होती.

"नचिकेत, तुम्ही मला आवडता. खूप. आणि मी जाणार आहे. दोन्ही खरं आहे."

 त्याने माझ्या हातावर अलगद हात ठेवला, परवानगी न घेता.

"मी तुम्हाला थांबवणार नाही," तो म्हणाला. "दर रविवारी तुमच्या घरी येत जाईन. काकूंना गाडी शिकवेन, दुपारी नुसत्या बसून नाही राहणार त्या. आणि माझं मन विचारत असाल तर... पहिल्या दिवशी ओरडलात, तेव्हाच गेलं ते. लोकांचं सामान समुद्रापार पाठवतो मी. आता पहिल्यांदा जीव तुटतोय."

"मग?"

"मग काही नाही. जा तू."

इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'तू' ऐकलं, आणि तेही जा म्हणताना. मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. आई डब्यातला तिळगूळ वाटत आमच्या दिशेने येत होती, आणि आम्ही दोघांनीही हात सोडला नाही.