सोबती दोनशे मीटर पुढे

हे घडलंय. माझ्या सख्ख्या मेहुण्यांच्या बाबतीत. त्यांना कल्पनाशक्ती अजिबात नाही, हे आमची ताई शपथेवर सांगेल. तेव्हा त्यांनी हे रचलं असण्याचा प्रश्नच येत नाही.

रविवार. सकाळचे सात. लख्ख ऊन. भुतांच्या दृष्टीने अगदीच गैरसोयीची वेळ.

मेहुणे सायकल क्लबचे मार्ग आखतात. कॉम्प्युटरवर रेघ ओढायची आणि तळहाताएवढ्या जीपीएसमध्ये भरायची. त्या आठवड्यात त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता. शेकडो किलोमीटर सायकल चालवणारा हा माणूस घरातल्या स्टुलावरून पडला होता.

म्हणून नवा मार्ग तपासायला मुलगी निघाली. ठकी. एकुलती एक.

मेहुण्यांनी यंदा आळस केला होता. क्लबच्या साठ्यातली कुणाचीतरी जुनी नोंदलेली फेरी उचलून तशीच भरली. तिच्यातल्या वेळा पुसायच्या राहिल्या.

वेळा राहिल्या की यंत्र त्या फेरीला सोबती समजतं. पडद्यावर एक ठिपका त्या जुन्या स्वाराच्या वेगाने पळत राहतो.

साडेसातला ठकीचा फोन.

"बाबा, सोबती कशाला लावलात? दोनशे मीटर पुढे आहे, हाताला लागत नाही मेला!"

"चुकून राहिला गं. पळू दे त्याला."

फोन ठेवला. सहज फाईल उघडली. नाव वाचलं. मग तारीख...

क्लबचे दंतवैद्य. दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. खाणीच्या वळणावर ट्रकखाली गेले, तो.

नोंद त्या वळणावरच संपत होती.

मेहुण्यांनी लगेच फोन लावला.

"ठकी, थांब! पुढे जाऊ नकोस!"

"थांबलेच आहे, पाणी पितेय. गंमत म्हणजे बाबा... तोही थांबलाय."

नोंद कुणासाठी थांबत नसते. हे मेहुण्यांइतकं कुणाला ठाऊक?

"यंत्र बंद कर."

"होत नाहीये... अहो, तो मागे फिरला. दीडशे... ऐंशी... रस्त्यावर तर कुणीच—"

फोन कट.

मेहुण्यांनी सव्वीस वेळा फोन लावला. लंगडी घालत दारापर्यंत गेले. दारात सायकल होती. पाय नव्हता. तसेच उभे राहिले.

चाळीस मिनिटांनी फाटक वाजलं.

ठकी! धडधाकट. घामाघूम.

"रेंज गेली हो. एवढे काय पांढरे पडलात?"

यंत्राच्या पडद्यावर अक्षरं होती. सोबती : शून्य मीटर.

मेहुण्यांनी फेरी पुसून टाकली. पुढच्या रविवारी ठकीला अडवून पाहिलं.

"यंत्र घरी ठेवते. झालं समाधान?" म्हणत ती गेलीसुद्धा.

टेबलावर बंद यंत्र. समोर मेहुणे.

फाटक लागलं... आणि पडदा उजळला.

सोबती : दहा मीटर पुढे.

पन्नास. तीनशे. दोन किलोमीटर...

सगळी बटणं दाबून झाली. शेवटी सेल काढले. आकडा वाढतच राहिला. ठकी फोन उचलत नव्हती. खाणीच्या वळणाच्या अंतरावर आकडा थांबला. बराच वेळ. मग हळूहळू उतरू लागला. शून्य झाला, तेव्हा फाटक वाजलं.

तेव्हापासून दर रविवारी हेच.

परवा प्लास्टर निघालं. मेहुणे म्हणाले, "पुढच्या रविवारपासून मीही येतो तुझ्याबरोबर."

"नको हो बाबा," ठकी बुटाची नाडी बांधत म्हणाली. "तुम्ही मागे पडाल. डॉक्टरकाकांना उगाच थांबावं लागेल."

ती फेरी कुणाची होती, हे मेहुण्यांनी तिला अजूनही सांगितलेलं नाही.